कडक खळीची झूल

सकाळी राजेश्वरीनं तबेल्याचं फळकूट बाजूला सारलं. हौसा पुन्हा उघडी होती. पाठीवरची झूल कधीच खाली आली होती. झूल म्हणायचं ते खांद्यापाशी अडकलेलं एक टीचभर फडकं, बाकीच्या चिंध्या लिदीत तुडवल्या गेल्या होत्या. पत्र्यावर पावसाचा नुसता ताशा चालला होता. समोरच्या उघड्या बाजूनं झड आत येत होती, आणि म्हातारी पांढरी घोडी सगळं कातडं थरथरवत उभी होती. राजेश्वरीला बघून तिनं मान वर केली आणि ती खोकली. अलीकडे तो खोकला ऐकला की राजेश्वरीच्याच छातीत दुखायचं.

शेजारी वकील उभा होता. वकील म्हणजे तरणा तांबडा घोडा. कुणी दोन माणसं बोलत उभी राहिली की मध्ये तोंड घालायची खोड, म्हणून सासऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. आत्ता त्याच्या ओठाला निळ्या सुताचा धागा चिकटला होता आणि चेहरा असा, की ह्या प्रकरणाशी आपला काडीचा संबंध नाही.

"पुन्हा फाडलास व्हय रं मुडद्या?" राजेश्वरी म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं.

उचगावातल्या ह्या घरातले घोडे वरातीचे. लग्नसराईत बेळगावातल्या कार्यालयांपुढं नवरदेवाला पाठीवर घेऊन उभं राहायचं, बँडच्या तालावर चार पावलं नाचायचं, की झालं. नवरा भरमा फाउंड्रीत कामाला होता. घोड्यांचा धंदा वडिलांचा, ते गेल्यावरही त्यानं तो सोडला नव्हता. ह्या घरावरची कौलं हौसाच्या पाठीवर चढली, असं सासूबाई, बायाक्का, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती हौसा आषाढात छातीत सर्दी धरून बसली. डॉक्टर मनिषा बेळगावहून येऊन सुया टोचून गेल्या, आणि जाताना स्पष्ट बोलल्या, "औषध माझ्याकडं आहे, ऊब तुमच्याकडं. परत भिजून गारठली तर मला बोलावून उपयोग होणार नाही."

तेव्हापासून ह्या घरात एकच विषय. घोडी कोरडी कशी राहील?

आधी पोती पांघरली. पोती भिजून जड झाली आणि घोडीची पाठ सोलली. मग बायाक्कानं स्वतःसाठी घेतलेली नवीकोरी घोंगडी आणून घातली. जरा सर वाढली तशी वकिलानं ती ओढून काढली आणि कोपरा कुरतडला. बायाक्कानं त्या दिवशी वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा राजेश्वरी पुढं झाली. ती वडगावची, विणकराची लेक. भावांनी यंत्रमाग घातले तरी आई मालुबाई अजून हातमागावर बसायची. साड्यांचा उरलेला ताणा, म्हणजे उभं सूत, घेऊन मायलेकींनी दोन झुली विणल्या, एक हौसाला, एक वकिलाला. वकिलाला मत्सर वाटतो म्हणून तो फाडतो, असं बायाक्काचं मत होतं. झुली जाड, निळ्या सुताच्या, आणि कडेला हिरवा काठ. काठ नसलेलं कापड मालुबाईच्या मागावरून आजवर उतरलं नव्हतं, मग ते घोड्यासाठी का असेना.

आणि खळ! वडगावात लुळ्या कापडाला कोण विचारतो? ताण्याला मैद्याची खळ दाट लावली होती, त्यात चमचाभर गोडेतेल. "घालायच्या आदी धुवून काढ गं, खळ जाऊ दे," मालुबाई म्हणाली होती. राजेश्वरीनं मान हलवली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. धुतली की झूल मऊ पडणार, मऊ पडली की पाणी पिणार. कडक असली तर पाणी वरच्या वर निथळेल. म्हणून तिनं आणखी एक हात खळ शिजवून कुंच्यानं वरून लावली. झुली अशा ताठ झाल्या की जमिनीवर उभ्या केल्या तर उभ्या राहिल्या असत्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. बायाक्का सुनेचं कौतुक सहसा करत नाहीत, पण त्यांनीसुद्धा काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरं हाय." राजेश्वरी दिवसभर हवेत होती.

उन्हाची तिरीप असली की झुली सुखरूप राहायच्या. पावसानं झड धरली की घोड्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक. एकमेकांच्या पाठीवर तुटून पडायचे. हो, एकमेकांच्या! हौसासुद्धा वकिलाची झूल चघळताना राजेश्वरीनं डोळ्यांनी पाहिली होती. सांगितलं तर बायाक्का म्हणाल्या, "तिला दात कुटं हाईत गं फाडायला? ती त्येला चाटत असंल लेकरावानी." म्हातारीवर आळ घेणं ह्या घरात देवावर आळ घेण्यासारखं होतं. म्हणजे गुन्हेगार एकच.

उपाय सगळे झाले. झुलीला मिरचीचा ठेचा फासला, तो वकिलानं खाल्ला आणि शिंकला. बैलाचं मुसकं बांधलं, ते त्यानं खांबाला घासून काढलं. त्याला नेऊन घरामागच्या परड्यात वेगळं बांधलं, तर हौसानं खिंकाळून घर डोक्यावर घेतलं, घामानं ओली झाली आणि चंदीला तोंड लावलं नाही. परत दोघांना एकत्र आणावं लागलं. राजेश्वरी फाटलेलं रफू करायची, ठिगळ लावायची, त्या ठिगळाला परत खळ द्यायची. पुढच्या सरीला वकील आधी ठिगळावरच तोंड टाकायचा. तिला वाटायचं, हा माझ्यावरच डूख धरून आहे.

भरमा रात्रपाळी करून आला, तबेल्यात डोकावला आणि भिंतीला टेकून बसला.

"अवं, च्या ठेवू?"

"आण्णाप्पाला फोन केलोय," तो म्हणाला. "दुपारी गाडी घिऊन येतोय निपाणीहून. वकिलाला देऊन टाकायचा."

निपाणीचा आण्णाप्पा शर्यतीच्या घोडागाड्यांसाठी जनावरं घ्यायचा. त्याचा एक घोडा तिनं जत्रेत पाहिला होता. लगामानं दोन्ही जबडे चिरलेले होते आणि तो कुणी हात पुढं केला की डोळे मिटून घ्यायचा. तो घोडा तिच्या स्वप्नात आला होता.

"आसं कसं वो द्यायचं? तो वाईट न्हाय. खोडकर हाय."

"खोडकर?" भरमाचा आवाज चढला. "म्हातारी मरायला लागलीया तिकडं! दोन्ही ठेवून दोन्ही घालवू काय? कुणाला ठेवू, तू सांग."

राजेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा घोड्याच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नव्हती. वकील त्याच वर्षी शिंगरू म्हणून गोकाकहून आला होता. त्याला कन्नडशिवाय काही कळायचं नाही आणि तिला ह्या घरातलं काही कळायचं नाही. दोघंही नवीन. तिच्या तळहातावरचा गूळ त्यानं ओठांनी असा अलगद उचलला होता, की तिची भीती तिथंच गेली. आता तो जाणार होता, आणि ती अडवू शकत नव्हती, कारण हौसाचा खोकला सगळ्यांना ऐकू येत होता.

भरमा जरा पाठ टेकायला आत गेला. राजेश्वरीनं हौसाचं अंग कोरडं पुसलं, जुनी साडी आणि तिच्यावर पोतं टाकलं, आणि चिंध्या गोळा करायला वाकली. ओल्या चिंध्या हाताला बुळबुळीत लागल्या. तिनं बोटं चोळली. नाकाशी नेली. आंबूस, पेजेसारखा वास. ह्या वासात तर ती लहानाची मोठी झाली होती. गल्लीभर ताणा पसरून त्याला खळ द्यायची पांजणी चालायची, तेव्हा सकाळी वडगावात हाच वास सुटायचा.

ती मग वळचणीखाली गेली, पन्हाळीच्या धारेत एक चिंधी धरून पिळली. पांढरं पाणी निघालं. निवळशंख होईपर्यंत पिळत राहिली. एका हातात धुतलेली चिंधी, दुसऱ्या हातात न धुतलेली, अशी आत येऊन हौसापुढं उभी राहिली. म्हातारीनं धुतलेली नुसती हुंगली आणि मान फिरवली. दुसरी मात्र लगेच ओठात धरली आणि डोळे मिटून चघळायला लागली.

राजेश्वरीला हसूच फुटलं. मत्सर नाही, डूख नाही, काही नाही! कोरडी झूल म्हणजे पुठ्ठा, त्याला कोण विचारतो? पाऊस पडला की खळ भिजायची, फुगायची, आणि दोन्ही घोड्यांच्या नाकापुढं आयती पेज. पोत्यांना कधी कुणी तोंड लावलं नव्हतं. घोंगडी खाल्ली, कारण घोंगडीला चिंचोक्याची खळ. आणि ठिगळावर आधी तोंड, कारण ठिगळाला तिनं ताजी खळ चोपडली होती. इतके दिवस ती घोड्यांच्या पाठीवर जेवण वाढून ठेवत होती आणि जेवले म्हणून त्यांनाच शिव्या देत होती.

हसू जसं आलं तसं गेलं. आईनं सांगितलं होतं, धुवून घाल. हे आता बायाक्काला सांगायचं? सुनेनं आणि विहिणीनं मिळून हौसाला गारठवलं, हे ह्या घरात जन्मभर ऐकावं लागलं असतं. कुणाला न सांगता दुसरी झूल धुऊन टाकली तर? झुली धुतल्या आणि खोड गेली, एवढंच म्हणायचं.

पण भरमाला थांबवायचं तर धुतलेली झूल अंगावर टिकते हे दाखवायला हवं. म्हणून तिनं सगळ्या चिंध्या धुऊन ओसरीवर पसरल्या आणि जोडायला बसली. विणकराच्या घरात फाटलेलं कापड असं जमिनीवर मांडूनच किती गेलं ते बघतात. मधला निळा भाग जुळत आला. खांद्याकडचा जुळला. आणि मग तिचा हात थांबला. मागच्या बाजूचा केवढा तरी भाग नव्हता. हिरवा काठ तर एका अंगाचा पूर्ण गायब. ती धावत तबेल्यात गेली, पेंढा उपसला, गव्हाण चाचपली, लीद काठीनं विस्कटली. काठ कुठंच नव्हता.

हौसाला पुढचे दात नव्हते. ती चघळून टाकून देत होती. वकिलाचे दात चांगले होते.

तिनं वर पाहिलं. वकिलानं सकाळची चंदी तशीच ठेवली होती. तो मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत होता, आणि पुढच्या पायानं जमीन खरवडत होता.

"आत्ती," ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "वकील खाईना झालाय."

"वारा धरला असंल पोटात," बायाक्का चुलीपुढून म्हणाल्या. "आण्णाप्पाम्होरं काय बोलू नको. गाडीत चढला की त्येचं तो बघंल."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

आण्णाप्पा उतरला तो चिखल चुकवत, धोतराचा सोगा हातात धरून. भरमानं वकिलाला बाहेर काढलं. पाऊस जरा ओसरला होता. गाडीची मागची फळी खाली टाकली गेली. राजेश्वरी दारात उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. गप्प राहिले तर घोडा जाईल, त्याच्याबरोबर खळही जाईल, कुणाला कळणार नाही. निपाणीपर्यंतच्या रस्त्यावर गाडीत तो आडवा पडेल, पाय झाडेल, आणि आण्णाप्पाला वाटेल साधा वारा आहे. बोलले तर आईचं नाव निघेल. भरमानं वकिलाचा दोर आण्णाप्पाच्या हातात द्यायला हात पुढं केला.

"देऊ नका!" ती ओरडली. "त्येच्या पोटात झूल हाय!"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मग तिला थांबता आलं नाही. खळ, पेजेचा वास, पुन्हा लावलेला हात, आईनं सांगितलेलं आणि तिनं न ऐकलेलं, हौसानंसुद्धा चघळलेली चिंधी, न जुळलेला काठ, सगळं तिनं भर अंगणात, परक्या माणसापुढं, रडत रडत सांगून टाकलं. बायाक्का ओसरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

आण्णाप्पानं वकिलाच्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. "पोट बोलंना की रं भरमा," तो म्हणाला. "एकदम गप हाय. डॉक्टरला बोलीव, वेळ घालवू नको." फळी त्यानं स्वतःच वर घेतली. "जगला तर कळीव," असं म्हणून तो गाडीत बसला.

डॉक्टर मनिषा आल्या तेव्हा वकील घामानं भिजला होता आणि दर थोड्या वेळानं गुडघे टेकून लोळायला बघत होता. "काय खाल्लंय?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आणि राजेश्वरीनं परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही. डॉक्टरांनी तिला दोष दिला नाही की धीरही दिला नाही. "बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी गॅसचं औषध देऊन निघाले असते," एवढंच म्हणाल्या. नाकातून नळी घालून तेल सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. "घोड्याला उलटी होत नाही. गेलंय ते मागच्या वाटेनंच यायला पाहिजे. लोळू देऊ नका, आतडं पिळलं तर संपलं. मधूनमधून चालवा. लीद पडली तर फोन करा. नाही पडली तरी करा."

चालवायचं काम राजेश्वरीनं घेतलं. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात दोर, अंगणातून परड्यापर्यंत आणि परड्यातून अंगणापर्यंत. "नडी रं, नडी," ती म्हणत होती. चाल म्हणायला हा एकच शब्द त्याला पहिल्यापासून कळायचा. तो थांबायचा, पोटाकडं बघायचा, तिच्या खांद्यावर डोकं टेकवायचा. तबेल्यासमोरून गेलं की आतून हौसा खिंकाळायची, आणि तो कान टवकारायचा. देवाला साकडं घालायचीही सोय नव्हती. तुझ्या हातानं केलंस ते तू निस्तर, असं देव म्हणाला असता. भरमा पाळीला गेला नाही. अंधार पडल्यावर त्यानं दोर तिच्या हातातून घेतला आणि तो चालवायला लागला. दोघं आलटून पालटून चालवत राहिली. ती रात्र कशी सरली ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. बायाक्का मात्र तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या तबेल्यात हौसापाशी शेगडी घेऊन बसल्या होत्या.

फटफटायला लागलं. पाऊस अजून होताच, बारीक. राजेश्वरीचे पाय आपोआप पडत होते. परड्याच्या कोपऱ्यात वकील थांबला, आणि कितीही ओढलं तरी हलेना. "नडी रं बाबा," ती म्हणाली, आणि आता हा खाली बसणार म्हणून तिनं दोन्ही हातांनी दोर धरला. वकिलानं शेपूट वर केली. तेलानं चकाकणारी लीद धबाधबा चिखलात पडली.

राजेश्वरी किंचाळली. मग दोर सोडून गुडघ्यावर बसली आणि तिनं सरळ त्या लिदीत हात घातला. निळ्या सुताचे गुंते हाताला लागले. त्यांच्यामागून, पिळून पिळून दोरीसारखा झालेला, हातभर लांबीचा काठ बाहेर आला. पाठीमागं भरमा फोनवर डॉक्टरांना ओरडून सांगत होता, आणि मध्येच त्याचा आवाज फुटला. वकील तिच्या मानेमागं तोंड घालून बघत होता, नेहमीसारखा, आपल्याला न विचारता इथं काय चाललंय ते.

पलीकडून बायाक्का आल्या. त्यांनी राजेश्वरीच्या हातातून तो काठ घेतला, पन्हाळीखाली नेला आणि धारेत धरून धुवायला लागल्या. बराच वेळ चोळत होत्या. राजेश्वरी चिखलात बसूनच बघत राहिली. आता बोलणार, तिला वाटलं. बोलू देत, घोडा जगला.

बायाक्कानं काठ झटकला, उजेडाकडं धरला आणि उलटासुलटा करून बघितला. हिरवा रंग होता तसा होता.

"रंग पक्का हाय गं तुझ्या आईचा," त्या म्हणाल्या. "तिला सांग, अजून एक झूल विण म्हणून. आणि धुवायला हिकडं माझ्याकडं दे."